बॅग भरणारी तू, उघडणारं दुसरंच कुणी

३४वा आठवडा लागलाय, पहिलीच वेळ आहे, यूट्यूबवर प्रत्येकीची यादी वेगळी आणि सासूबाई म्हणतात बाळाचं काहीही आधी आणायचं नाही. मग बाळंतपणाला दवाखान्यात न्यायच्या बॅगेत भरू काय, असं तू विचारलंयस. माझी दोन्ही बाळंतपणं सिझरची, खासगी दवाखान्यात. जावेचं सरकारी रुग्णालयात झालं, तेव्हा सोबतीला मीच होते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

त्या याद्यांमध्ये फारसं चुकीचं काही नसतं. पण बॅग भरतेस तू आणि उघडायची वेळ येते तेव्हा तू आत असतेस. उघडणार नवरा नाहीतर आई, तेही रात्री तीनला. माझ्या पहिल्या वेळी मी सगळं घड्या घालून थरावर थर रचलं होतं, काय सुंदर दिसत होतं! ऐनवेळी सिझर ठरलं. सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "बाळाचं दुपटं द्या, लवकर." नवऱ्याने अख्खी बॅग बाकड्यावर पालथी केली आणि हाताला लागलेलं पांढरं, मऊ, सुती कापड त्यांना दिलं. तो माझा परकर होता, नाडीसकट. सिस्टरनी काही न बोलता नाडी ओढून काढली आणि लेकीला त्यात गुंडाळलं. तिचा पहिला फोटो परकरातला आहे.

म्हणून दुसऱ्या वेळी साड्यांच्या चेनवाल्या पारदर्शक पिशव्या घेतल्या आणि प्रत्येकीवर मार्करने ठळक लिहिलं. सगळ्यात वर "बाळ झाल्या झाल्या": दोन दुपटी, एक झबलं, टोपडं, दोन लंगोट. बास. टोपडं विसरू नका, नवजात बाळाच्या डोक्यातून अंगातली ऊब भराभर जाते. बाकीचे कपडे, लंगोटांचा ढीग, जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे धुतलेले तुकडे वेगळ्या पिशवीत. बेबी पावडर, तेल, साबण, काजळ यातलं काहीही नको. पहिले २४ तास बाळाला अंघोळ घालत नाहीत आणि पावडर, काजळ तर नंतरही नकोच. दुधाची बाटलीही "असू दे एखादी" म्हणून भरू नकोस. बॅगेत असली की रात्री बाळ रडल्यावर कुणीतरी ती काढतंच. सिझर असलं तरी पहिल्या तासात बाळाला छातीशी घेऊन चीक पाजता येतो, आधीच डॉक्टरांना सांगून ठेव.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. नवीन आणायचं नाही ना? मग घरातलं जुनं मागून घे. आपल्याकडे तसंही बाळाला पहिलं झबलं कुणाचंतरी वापरलेलंच घालतात, धुऊन धुऊन मऊ झालेलं. माझ्या सासूबाईंनी ट्रंकेतून नवऱ्याचं झबलं काढलं, त्याला डांबरगोळ्यांचा भपकारा. तसे कपडे बाळाला नुसते झटकून घालायचे नाहीत हं. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांमुळे फुटून कावीळ वाढू शकते. दोनतीनदा धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि तरी वास येत असेल तर ठेवून द्यायचं.

तुझ्यासाठी पुढून उघडणारे तीन-चार गाऊन. रक्तस्राव पहिले काही दिवस पाळीपेक्षा जास्त असतो, तेव्हा मोठ्यात मोठे पॅड घे, दोन पाकिटं. तासाभरात पॅड पूर्ण भिजायला लागलं तर लाजत न बसता सिस्टरना हाक मार. निकर गडद रंगाच्या आणि नेहमीपेक्षा मोठ्या घे, सिझर झालं तर इलॅस्टिक टाक्यांवर येता कामा नये. सपाट चपला, पायमोजे, स्कार्फ, पाण्याला थर्मास, वाटी-चमचा, लांब वायरचा चार्जर. दागिने घरीच ठेव. डोहाळजेवणातल्या हिरव्या बांगड्या ऑपरेशनआधी उतरवायला लावतात, जावेच्या तर साबण लावून काढाव्या लागल्या. नेलपॉलिशही आधीच काढ, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावतात.

आता फाईल. ही बॅगेत नको, वेगळ्या पिशवीत, दाराजवळ. सगळे सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, विमा असेल तर कॅशलेसचं कार्ड. रिपोर्ट हाताशी नसले तर त्याच तपासण्या पुन्हा करायला लावतात. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाईलवर लाल अक्षरात लिही. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुला अँटी-डीचं इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत लागतं, ते तिथे मिळतं का हे आताच विचारून ठेव. सरकारीत जाणार असशील तर माता-बाल संरक्षण कार्ड आणि तुझ्या नावाचं बँक पासबुक हवं, जननी सुरक्षा योजनेत बसत असशील तर पैसे खात्यात येतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त मोफत आणि आईला जेवण नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवस. न्यायला १०२ची गाडी. हे माहीत नसल्याने जावेच्या वेळी आम्ही निम्मी औषधं बाहेरून आणली होती.

त्याच पिशवीत एका कागदावर तुमच्या दोघांची नावं आधारवर आहेत तशीच, मराठीत आणि इंग्रजीत, लिहून ठेव. जन्मनोंदणी २१ दिवसांत व्हायची असते, तिचा फॉर्म दवाखान्यातच भरतात आणि नवरे घाईत स्पेलिंग चुकवतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच दाखला लागतो. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ते नंतर घालता येतं, बारशाची घाई नको.

हे सगळं ३६व्या आठवड्यापर्यंत तयार ठेव. पण पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर बॅग शोधत बसू नकोस. फाईल उचल आणि नीघ, बॅग मागून येईल.

आणि एकदा संध्याकाळी नवऱ्याच्या हातात बॅग देऊन म्हण, "टोपडं काढ." माझ्या नवऱ्याला दुसऱ्या वेळी दहा सेकंदही लागले नाहीत. माझा चष्मा मात्र घरी फ्रीजवर राहिला. नंबर उणे पाच. टेबलाच्या त्या टोकाला उंच धरलेला मुलगा मला नुसता गुलाबी ठिपका दिसला, "मुलगा की मुलगी" हेही विचारावं लागलं. तेव्हा चष्मा असेल तर जुना का होईना, एक जोड फाईलच्या पिशवीत टाकून ठेव.