हंगर गेम्सचं नवीन पुस्तक डायरेक्ट वाचू का?

प्रश्न: ताई, आमच्या दहावीच्या ग्रुपमध्ये सुझन कॉलिन्सच्या 'सनराइज ऑन द रीपिंग'वरून जाम राडा चालूय, निम्मे म्हणतात लय भारी, रडवलं, मैत्रीण म्हणते शेवट माहितीये मग मजा काय, मी तर सीरिजच वाचली नाहीये, डायरेक्ट हेच घेऊ?

उत्तर: नको गं! २००८चं पहिलं पुस्तक आधी वाच. हे आलंय २०२५ला पण गोष्ट पहिल्या पुस्तकाच्या २४ वर्षं आधीची, हेमिचच्या (पहिल्या पुस्तकातल्या नायिकेचा गुरू) ५०व्या गेम्सची. गेम्स म्हणजे टीव्हीवर दाखवला जाणारा, एकच जण जिवंत उरेपर्यंत चालणारा पोरांचा जीवघेणा खेळ; यात नेहमीच्या २४ऐवजी ४८ पोरं. हेमिच जिवंत राहणार हे ठाऊक असतंच, पण टीव्हीवर दाखवलं ते आणि खरं घडलं ते यातला फरक बघून जे हादरायला होतं ना, ते पहिल्या पुस्तकातला दारुडा हेमिच भेटल्याशिवाय नाही कळत. जुन्या पात्रांची गर्दी मात्र जरा जास्तच वाटली मला.