आवाज-जावक : ‘चेहरा दिसत नाही, त्याला नट कसं म्हणायचं?’

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा, ऐरोलीला राहतो. कॉलेजात एकांकिका केल्या, आता ठाण्यातल्या एका हौशी संस्थेत नाटक करतो. जोडीला फ्रेंच शिकतोय. क्लासमध्ये सरांनी रोजे कारेल या फ्रेंच नटाविषयी सांगितलं आणि तेव्हापासून डबिंगचं डोक्यात बसलंय. एका स्टुडिओतून चाचणीला बोलावलंही आहे. आई म्हणते, ‘चेहराच दिसणार नाही, मग तू नट आहेस हे लोकांना कळणार कसं?’ नाटकातले मित्र म्हणतात, डबिंगनं आवाज सपाट होतो. फ्रान्समध्ये या लोकांचं कसं चालतं? मी काय करू?

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांग. माझ्या सासूबाईंचाही हाच प्रश्न होता. नव्वदच्या दशकात केबलवर हिंदीत लागणाऱ्या एका परदेशी मालिकेतल्या चेटकिणीचा आवाज मी दिला होता. सासूबाई टीव्हीसमोर पापड लाटत बसायच्या आणि चेटकीण हसली की लाटणं थांबवून म्हणायच्या, ‘काय मेली बाई आहे!’ मी शेजारी गोळे करतेय. मी सांगितलं नाही. त्या ‘मेली’त मला जे मिळालं ते नाटकातल्या टाळीत क्वचित मिळालं.

तुझ्या सरांनी माणूस बरोबर निवडला. कारेल १९२७ साली जन्मला, २०२० साली गेला. मूळचा रंगमंचावरचा नट, नाटक चालू असतानाच डबिंगमध्ये शिरला. १९६७ सालच्या पहिल्या चित्रपटापासून २०१४ पर्यंत पडद्यावरच्या कार्टूनमधल्या आस्तेरिक्सला बहुतेक वेळा त्याचाच आवाज. ऐंशी उलटल्यावरही तो बुटका, चपळ, मिशीवाला योद्धा बोलतोय तो याच्याच घशातून! ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी यंत्रमानव फ्रेंचमध्ये बोलतो तोही कारेलच. टीव्हीवर डेव्हिड सूशे या नटानं रंगवलेला गुप्तहेर पॉयरो, ‘जंगल बुक’मधला ‘का’ नावाचा अजगर, कार्टूनमधलं अस्वल विनी द पू आणि त्याचा मित्र पिगलेट, हेसुद्धा. मला सगळ्यात गंमत त्या यंत्रमानवाची वाटते. त्याला ओठच नाहीत, पत्र्याचा मुखवटा. म्हणजे जुळवायला काही नाही आणि लपायलाही काही नाही. भित्रेपणा, नाक वर करून बोलणं, सगळं आवाजातच उभं करायचं. हे काम नटाशिवाय कुणाला जमणार?

आता त्यांची पद्धत. आपल्याकडे कानात मूळ भाषा, हातात कागद, समोर पडदा आणि एकेक लूप, म्हणजे संवादाचा छोटा तुकडा, करत पुढे जायचं. फ्रान्समध्ये चित्राखालून लिहिलेल्या संवादांची एक पट्टी सरकत असते. ती उभ्या रेघेपाशी आली की शब्द बोलायचा. पूर्वी ही पट्टी हातानं, वळणदार अक्षरात लिहीत आणि ती फिल्मच्या एक अष्टमांश वेगानं धावायची. आता संगणकावर असते. अक्षर ताणलेलं असेल तर शब्द ताणायचा, आकसलेलं असेल तर आवरायचा. आणि त्याआधी एक माणूस फक्त पडद्यावरचे ओठ वाचत बसलेला असतो. कुठे मिटले, कुठे उघडले, याच्या खुणा करतो. मग संवाद लिहिणारा त्या खुणांवर शब्द बसवतो.

शाळेत प फ ब भ म हे ओष्ठ्य वर्ण पाठ केले होतेस ना? आमच्या धंद्याचं सगळं व्याकरण त्या पाच अक्षरांत आहे. एकदा मराठी डबिंगला पडद्यावरची मुलगी ‘मदर’ म्हणत होती. ओठ ठसठशीत मिटलेले, क्लोजअप. हिंदीवाल्यांना ‘माँ’ आयती. फ्रेंचांना ‘मामाँ’. आपली ‘आई’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत! तासभर डोकं खाजवलं. शेवटी ‘पण आई’ असं केलं आणि बसलं. तेव्हापासून ‘पण’ हा शब्द मी देव्हाऱ्यात ठेवलाय. आपल्याकडचं पुष्कळ मराठी डबिंग खोटं वाटतं त्याचा दोष मी नटांना देत नाही. आदल्या रात्री घाईत हिंदीवरून केलेलं भाषांतर हाती आलं तर नट काय करणार?

सपाट होण्याबद्दल. डबिंगच्या पहिल्या दिवशी मी अंधेरीच्या स्टुडिओत गेले ती आदल्या रात्री गडकरी रंगायतनचा प्रयोग करून. बाल्कनीची शेवटची रांग ऐकते की नाही, एवढंच डोक्यात. वाक्य साधं, ‘मुझे माफ कर दो.’ पहिल्याच शब्दाला रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ‘बाई, माइक फाडू नका.’ त्यात माझी खळ घातलेली सुती साडी! श्वास घेतला की कुरकुर, हात हलवला की कुरकुर. बांगड्या काढल्या, चप्पल काढली. साडीचं काय करणार? चार लूप होऊन घरी पाठवलं. ठाण्यापर्यंत रडत आले. दादरला गाडी बदलायची तर तीही चुकीची धरली.

पुढे कळलं, दमसास तोच लागतो, वाक्य पोटातूनच यायला हवं; फक्त शेवटची रांग वीतभर अंतरावर आहे असं धरायचं. तेव्हा मित्रांना सांग, जो नाटक सोडून नुसतं डबिंग करतो त्याचा आवाज सपाट होतो. आठवड्याला निदान दोन तालमी कर. फक्त प्रयोगाच्या आदल्या दिवशी राक्षस, दारुडे आणि आरडाओरडीचं क्राउड, म्हणजे गर्दीचे आवाज, घेऊ नकोस.

आता आईंनी न विचारलेलं, पण विचारायला हवं होतं ते. चेहरा नाही दिसला तर बिघडत नाही. कागद दिसला पाहिजे. एका सिनेमाचं काम मी तीन दिवसांत केलं. व्हाउचरवर उभ्या-उभ्या सही केली, कारण गाडी गाठायची होती. तो सिनेमा टीव्हीवर वर्षानुवर्षं लागतोय. मला पुढे एक पैसा नाही आणि श्रेयनामावलीत नावही नाही. चहावाल्याचा हिशेब तरी वहीत होता.

फ्रान्समधले डबिंगचे नट याच कारणासाठी १९९४ साली संपावर गेले होते : पुनःप्रक्षेपणाचा वाटा द्या. तिथं नटाला बारा महिन्यांत ५०७ तासांचं काम दाखवता आलं, तर रिकाम्या दिवसांत बेकारी भत्ता मिळू शकतो. त्या तासांत नाटकाचे तास धरतात, डबिंगचेही. म्हणून एकाच माणसाची सकाळ माइकपाशी आणि संध्याकाळ रंगमंचावर जाते. आपल्याकडे तशी सोय नाही, तेव्हा वर्षभर तरी दुसरी नोकरी सोडू नकोस. २०२४ साली तिथल्या कलाकारांनी यंत्राकडून आवाज बनवून घेण्याविरुद्धही मोहीम उघडली. तुझ्या कागदावर ‘आवाजाचा वापर कोणत्याही तंत्रानं, कायमचा’ अशा अर्थाचं काही असेल तर सही करू नकोस. कागद घरी आण, आईंना वाचायला दे. त्यांना बारीक छपाई माझ्यापेक्षा बरी दिसत असेल.

चाचणीला मऊ, धुऊन-धुऊन जुना झालेला टी-शर्ट घाल. आणि खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेव.