पोटखराब्याचं चित्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. कासच्या जलरंगांचे फोटो पाहिले. धुकं छान जमलंय. तेरड्याचा गुलाबी मात्र ट्यूबमधून थेट कागदावर उतरल्यासारखा दिसतो, त्यात किंचित राखाडी मिसळ. तू विचारलंयस की प्रदर्शनाच्या विक्रीतली अर्धी रक्कम निसर्गासाठी द्यायची आहे, ती कुणाला द्यावी? मी म्हणेन, आधी जागा ठरव, मग चित्रं काढ. पैशाचं शेवटी बघू.

कासला आता तुझ्या कुंचल्याची फारशी गरज नाही. 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं, आणि हंगामात तिथली गर्दी तू पाहतेसच. कासचं आणखी एक देखणं चित्र म्हणजे घाटात आणखी चार गाड्या. खरी चिंता आहे ती ज्याला कुणी देखणं म्हणत नाही त्या जमिनीची. सातबाऱ्यावर जिच्यापुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलेलं असतं, तो जांभ्या दगडाचा उघडा सपाट सडा, किंवा माण-खटावचा माळ. गावात विचार, उत्तर येईल, ‘तिथं काय हाय, नुसती कुसळं.’ पडीक म्हटलेली जमीन विकताना मालकाचा हात थरथरत नाही आणि घेणाऱ्याला ती जेसीबीने सपाट करताना काही वाटत नाही. औंधला यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींचं संग्रहालय बघायला जाशीलच, तेव्हा खाली उतरल्यावर लगेच घरची गाडी धरू नकोस, जरा माळावर फिर.

आणि एप्रिल-मेमध्ये साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या सड्यावर जा. ऊन चढलं की नर सरडे दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतात. निळा, काळा आणि केशरी, तिन्ही एकदम. सरडा सुपर्बा या नावाने ही जात शास्त्रात नोंदली गेली ती 2016 साली, म्हणजे अगदी अलीकडे. 2018 मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, पण त्यांच्या गळ्याचे रंग फिके, असं त्यात दिसलं. चित्रकाराला याहून मोठी बातमी कोणती? चक्क्यांपासून लांबचा नर आणि चक्क्यांखालचा नर, दोन्ही शेजारी शेजारी लाव. खाली फक्त ठिकाण लिही, शेरा नको. वीज आपणही वापरतो.

त्या निळ्याची चमक निळ्या रंगातून येत नाही, शेजारच्या काळ्यामुळे येते. पातळ निळा वॉश पूर्ण वाळू दे, मध्ये कागदाचा एक ठिपका कोरा ठेव, आणि काळा अगदी शेवटी लाव. वर वारा भयंकर असतो, कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बोर्डाला बसवूनच ने. नीट दिसत नाही म्हणून दगड उलथून बघू नकोस, त्यांचा आसरा तोच असतो.

प्रत्येक चित्रावर गाव, शिवार आणि महिना हवाच. ‘सह्याद्रीतील सकाळ’ या नावाचं चित्र दिवाणखान्यात शोभतं, त्याने कुठलीही जमीन वाचत नाही. अमेरिकेत थॉमस मोरान हा चित्रकार 1871 च्या सर्वेक्षण मोहिमेसोबत यलोस्टोनला गेला. त्याचे जलरंग आणि जॅक्सनची छायाचित्रं त्यांच्या संसदेतल्या लोकांना दाखवली गेली आणि 1872 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. काम झालं, कारण चित्रातली जागा नकाशावर दाखवता येत होती. याला अपवाद एकच, कंदीलखर्चुडीसारखी दुर्मीळ फुलझाडं आणि दुर्मीळ आमऱ्या, म्हणजे ऑर्किड. त्यांच्याखाली तालुक्यापलीकडे काही लिहू नकोस. उपटून नेणारेही प्रदर्शनाला येतात.

आता पैशाचं. ‘निसर्गासाठी’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि मनात म्हणतात, गेले पैसे. अमेरिकेतच 1934 पासून बदकाच्या चित्राचं तिकीट विकलं जातं आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. घेणाऱ्याला आपला डॉलर कुठे गेला ते ठाऊक असतं. तूही असंच नेमकं काम सांग, उदाहरणार्थ वणव्याच्या दिवसांत जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढणाऱ्या पोरांची मजुरी. लोक तुला वृक्षारोपण सुचवतील. नम्रपणे नाही म्हण. सांगलीकडे धों. म. मोहित्यांनी सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर झाडं उभी केली, 1985 मध्ये तिथे अभयारण्य झालं, ते थोरच काम. पण सड्यावर आणि माळावर झाडं लावली की सडाच संपतो, आणि उघड्यावर जगणारे सरडे आणि चंडोल, धाविक हे पक्षी कुठे जाणार?

शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवहीही. पुष्कळ गावांत ती वही कपाटातच असते. ग्रामसेवकाला भेट, वहीसाठी तुझी रेखाचित्रं फुकट दे. उद्या त्या शिवारात खाण मागितली, तर ग्रामसभेला दाखवायला कागद असेल.

पहिलं प्रदर्शन साताऱ्यात नको, त्या गावात कर. शाळेचा वर्ग चालेल, जत्रेचा दिवस असेल तर उत्तमच. एखादा मेंढका येऊन सांगेल, हा पक्षी असा बसत न्हाई. त्याचं ऐक, चित्र दुरुस्त कर. ज्याच्या रानात बसून रंगवलंस, त्याला आधी विचार आणि एक प्रिंट दे.

प्रिंटची किंमत गावातल्या मास्तरांना परवडेल एवढीच ठेव. मूळ चित्रं स्वस्तात देऊ नकोस. कागद, फ्रेमवाला आणि तुझी मजुरी वजा करून उरेल त्यातलं अर्धं दे, नाहीतर वर्षभरात रंग घ्यायलाही उरणार नाही.

चाळकेवाडीला निघायच्या आधी फोन कर. पाणी दुप्पट ने, वर कुठेही सावली नाही.

तुझा,
सर