समुद्राखाली गेलेल्या जमिनीचा अभ्यास करायचाय, तर डिग्री कुठली घेऊ?

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्स झालंय, आशिया-अमेरिका जोडणाऱ्या भूसेतूचा नकाशा पाहिल्यापासून डोक्यात तेच बसलंय, आर्किऑलॉजी की जिऑलॉजी ते ठरत नाहीये, गणित सोडायचंय, आणि आई म्हणते यात नोकरी कुठे मिळणार. सगळ्याचं उत्तर देते, पण आधी त्या नकाशाबद्दल थोडं.

सेतू म्हटलं की चिंचोळी वाट डोळ्यासमोर येते आणि तिथेच गैरसमज होतो. साधारण 20 हजार वर्षांपूर्वी इतकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता, आणि आशिया-अमेरिकेमधली बेरिंगची सामुद्रधुनी तर जेमतेम 50 मीटर खोल, म्हणजे तिथे उत्तर-दक्षिण हजारेक किलोमीटर पसरलेला अख्खा प्रदेश उघडा पडला होता, मॅमथ चरायचे तिथे. सुमात्रा, जावा, बोर्निओ तेव्हा आशियाला जोडलेले होते, न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला, ब्रिटन युरोपला. बोर्निओ आणि सुलावेसीच्या मधलं पाणी मात्र इतकं खोल की ते तेव्हाही आटलं नाही, म्हणून दोन्हीकडचे प्राणी आजही इतके वेगळे आहेत.

हे सगळं कळलं ते मुख्यतः चिखलातून. 1931 साली ब्रिटन आणि युरोपच्या मधल्या उत्तर समुद्रात एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचं ढेकूळ आलं, ते फोडलं तर आत शिंगापासून बनवलेलं काटेरी भाल्याचं टोक निघालं. पीट म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला झाडपाला, तो भर समुद्रात तयारच होत नाही. शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, पाइप घुसवून काढलेला कोअर, म्हणजे थरांचा लांब दांडा, उभा चिरला की कधी कधी हीच गोष्ट समोर दिसते, वर राखाडी चिखल, त्याखाली बोटभर जाडीचा भरड वाळूचा आणि फुटक्या शिंपल्यांचा पट्टा, आणि मग एकदम तपकिरी पीट, त्यात बारीक मुळं अजून जागच्या जागी. तो बोटभर पट्टा म्हणजे समुद्र आत चढत आला तेव्हा लाटांनी घुसळून टाकलेला माल. काही ठिकाणी शेल्फच्या बाहेरच्या कडेला, आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी लांब, किनाऱ्यावरचीच वाळू पडलेली सापडते, आजच्या नद्या तिथवर ती नेऊच शकत नाहीत, तिला रेलिक्ट सेडिमेंट म्हणतात.

म्हणून माझं स्पष्ट मत, पदवीला जिऑलॉजी घे आणि एमएस्सीला सेडिमेंटॉलॉजी, म्हणजे साचलेल्या गाळाच्या थरांचा अभ्यास, किंवा मरीन जिऑलॉजी. आर्किऑलॉजी नंतर जोडता येते, उलटं करणं फार जड जातं, कारण थर वाचता आला नाही तर त्यातल्या वस्तूचा अर्थ लागत नाही.

गणित सोडू नकोस, हे अगदी कळकळीने सांगते. बर्फाच्या वजनाने जमीन दबते आणि बर्फ गेला की हळूहळू वर येते, स्वीडन-फिनलंडच्या मधल्या आखाताचा किनारा आजही वर्षाला जवळपास 1 सेंटिमीटर वर येतोय, त्यामुळे पाणी सगळीकडे सारखं चढलं असं धरून चालत नाही, प्रत्येक जागेचं गणित वेगळं मांडावं लागतं. केमिस्ट्रीही लागणार, कारण समुद्री शिंपल्याचं कार्बन डेटिंग केलं की वय सरासरी 400 वर्षं जास्त येतं आणि ती दुरुस्ती जागेनुसार बदलते.

आईची काळजी खरी आहे, निव्वळ रिसर्चच्या जागा थोड्या असतात. पण समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या, केबल टाकायच्या, तर तळाखाली दडलेलं जुनं नदीपात्र आहे की मऊ पीट आहे हे आधी बघावंच लागतं, सर्व्हे कंपन्यांना त्यासाठी सीस्मिक प्रोफाइल (ध्वनिलहरी सोडून काढलेलं तळाखालच्या थरांचं चित्र) आणि कोअर वाचणारी माणसं लागतात, आणि उत्तर समुद्रात तर बुडालेल्या जमिनीचे नकाशे मुख्यतः तेल-वायू शोधायला केलेल्या अशाच सर्व्हेच्या डेटामधून तयार झालेत. आईला हे नीट समजावून सांग.

ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजात दोन गोष्टी विचार, फील्डवर्क किती दिवसांचं असतं आणि मुलांना कोअर स्वतःच्या हाताने लॉग करायला, म्हणजे थर बघून नोंदवायला, देतात का. उत्तरं मिळाली की कळव, मग त्यातलं कुठलं कॉलेज घ्यायचं ते बघू.