‘इन्’ म्हणजे नेहमी नकारच का?

प्रश्न : इंग्रजी शब्दाआधी ‘इन्’ आला की अर्थ उलटतो, असे आम्हांला शाळेत शिकवले. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर आणि ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक, हे समजते. मग ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य, असे कसे?

उत्तर : शाळेतला नियम खोटा नाही, अपुरा आहे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन्’ हे एकसारखे दिसणारे दोन वेगळे उपसर्ग आहेत. एक निषेधाचा, आपल्या संस्कृत ‘अ’ आणि ‘अन्’ यांचाच दूरचा भाऊबंद. दुसरा ‘आत’ किंवा ‘मध्ये’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे या क्रियापदात दुसरा आहे, आणि त्यालाच ‘एबल’ जोडून ‘इन्फ्लेमेबल’ झाले, म्हणून तेथे नकाराचा संबंधच येत नाही. मात्र वाचणाऱ्याने तो नकार समजला तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात त्याऐवजी ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला, आणि माझ्या मते तो अगदी योग्य होता.

‘इनव्हॅल्युएबल’मध्ये मात्र निषेधच आहे. येथे ‘व्हॅल्युएबल’चा अर्थ मौल्यवान असा न घेता ‘ज्याचे मोल करता येते ते’ असा घ्यावा, म्हणजे ज्याचे मोल करता येत नाही ते ‘इनव्हॅल्युएबल’ ठरते. ‘अमूल्य’ शब्दाची घडणही अशीच आहे.

उच्चारासाठी हा ‘इन्’ रूपही बदलतो : ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इररेग्युलर’. उपसर्ग बदलला तर अर्थ किती सरकतो, हे ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, या जोडीत दिसते. काटेकोर लेखनात हा भेद पाळायलाच हवा.

‘अन्’ या इंग्रजी उपसर्गाचीही दोन कामे आहेत. ‘अनहॅपी’त तो अभाव दाखवतो, तर ‘अनलॉक’मध्ये केलेली क्रिया उलटवतो. त्यामुळे ‘अनलॉकेबल’चे दोन अर्थ होतात : ‘लॉकेबल’ला ‘अन्’ लावला तर कुलूप लावताच येत नाही असे, आणि ‘अनलॉक’ला ‘एबल’ लावला तर कुलूप उघडता येते असे. यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे आजूबाजूच्या वाक्यावरूनच ठरवावे लागते.