चुना लावा, पण गच्चीला

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सुदामानगरात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर सरळ स्लॅबच. रात्री अकराला पण छत तापलेलं असतं, पंखा लावला की भट्टीची हवा येते. एसी नाही घ्यायचा, एक तर बिल आणि सासूबाईंचे गुडघे आखडतात. मी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवते, संध्याकाळी गच्चीवर बादल्या पण ओतते, तरी काही फरक नाही. अजून काय करू? — एक वाचक, इंदूर

उत्तर : वहिनी, आधी त्या खिडक्या बंद करा हो! मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री आणि तुम्ही तेच घरात बोलावून राहिल्या. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद करून पडदे ओढायचे, आणि रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागायला लागली की सगळं सताड उघडायचं, मच्छरांसाठी जाळी लावून घ्या. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगीच नाही म्हणत, आपण साधारण ५५० मीटर उंचीवर आहोत, दिवस कितीही तापला तरी रात्र बरीच उतरते, ती फुकटची गार हवा घ्यायची सोडून आपण दारं लावून झोपतो! एका खिडकीत टेबलफॅन तोंड बाहेर करून ठेवा, तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसरीकडून गार हवा आपोआप आत येते.

आता खरा चोर म्हणजे तो स्लॅब. दिवसभर ऊन पितो आणि तुम्ही झोपायला गेलात की खाली सोडतो. बादल्या ओतून जरा वेळ बरं वाटतं, पण नळ एक दिवसाआड, नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून चढवत चढवत आणतात, ते गच्चीवर वाळवायचं म्हणजे माझ्या तरी जिवावर येतं. त्यापेक्षा चुना लावा (लोकांना नाही, गच्चीला). गच्ची झाडून धुऊन घ्या, चुना रात्रभर भिजवा, त्यात थोडं फेविकॉल घाला म्हणजे लवकर सुटत नाही, आणि ऊन उतरल्यावर दोन हात मारा. पांढऱ्यावरून ऊन परत जातं, स्लॅब मुळात कमी तापतो. अहमदाबादेत महापालिकेनी २०१७ मध्ये वस्त्यांमधली छपरं अशीच पांढरी केली होती. फक्त कळीचा चुना भिजवताना खदखदतो, चुन्यावर पाणी ओतू नका, भरपूर पाण्यात थोडा थोडा चुना लांबून टाका, चष्मा-हातमोजे घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका. पावसात धुऊन जातो, पुढच्या वर्षी परत लावायचा, कटकट आहे पण स्वस्त आहे.

पश्चिमेची खिडकी असेल तर आतल्या जाड पडद्यावर पैसे घालू नका, काच तापली की ऊन घरात आलंच समजा. बाहेरून बांबूची चीक (काड्यांचा पडदा) किंवा हिरवी नेट बांधा. वाळ्याची टट्टी (वाळ्याच्या मुळांचा पडदा) मिळाली तर फारच छान, त्यावर पाणी शिंपडलं की वास असा येतो की आमच्या आजीकडची दुपार आठवते.

प्रश्न : कूलर लावला की सगळं चिपचिप होतं, गादी पण ओलसर लागते. कूलर खराब आहे का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : कूलर ठीक असेल, खोली बंद असेल! कूलर पाणी हवेत सोडूनच गार करतो, ती ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी, आणि कूलरची पाठ बाहेरच्या हवेकडे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मस्त चालतो, जूनमध्ये ढग आले की पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा. आणि पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा, नाहीतर डेंगूचे मच्छर तिथेच पाळाल.