आडवा हात

“मॅडम, या दादरात एवढी माणसं. पण मी चार दिवस दिसलो नाही, तर घराबाहेर एकालाही पत्ता लागायचा नाही.”

काका ६७ वर्षांचे. काकू गेल्यावर मुलाने साताऱ्याहून आपल्याकडे आणलेले. मुलगा-सून मायेची आहेत, पण सकाळी आठला बाहेर पडतात ती रात्री नऊलाच घरी. ‘या शहरात मी कुणाच्या खिजगणतीत नाही’ हे दुखणं माझ्याकडे समुपदेशनासाठी म्हातारी माणसं आणतात, तशी होस्टेलवर राहणारी मुलंही. (काकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सुरुवातीला मी ज्येष्ठ नागरिक संघ सुचवला. दोनदा गेले, मग थांबले. “तिथं सगळे आपापलं सांगतात. माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नाही.” खरंच होतं त्यांचं. बोलायचं बळच सरलेल्या माणसाला ‘ओळखी वाढवा’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला सांगणं.

मग एका बुधवारी ते आले ते वेगळाच चेहरा घेऊन. स्टेशनच्या पश्चिमेला, फुलबाजारापाशी, तंद्रीत त्यांनी फूटपाथवरून पाऊल खाली टाकलं आणि शेजारून एक हात छातीवर आडवा आला. बस अगदी नाकासमोरून गेली. हात एका पोरसवदा हमालाचा. डोक्यावर झेंडूचं बोचकं, ते दुसऱ्या हाताने सावरलेलं. बस गेली तसा त्याने हात काढला, ‘चला आता’ अशी मान हलवली आणि गर्दीत दिसेनासा झाला. काकांचे पाय लटपटत होते. तिथेच गजरे करत बसलेल्या बाईने हातातला दोरा न सोडता पायाने प्लॅस्टिकचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते पाच मिनिटं बसले. कुणी कुणाशी अवाक्षर बोललं नाही.

“घरी गेलो तर शर्टाला झेंडूची पाकळी चिकटलेली,” म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात केलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला अशा वेळी आठवतो. वाटेवरच्या काहींच्या नजरेला नजर दिली, काहींकडे मात्र तिथे कुणी नसल्यासारखं आरपार पाहिलं. लगेच विचारलं तेव्हा आरपार पाहिलेल्यांना इतरांपासून अधिक तुटल्यासारखं वाटत होतं. अनोळखी माणसाच्या क्षणभराच्या नजरेलाही इतकं मोल आहे!

मी काकांना एवढंच दिलं: रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने जायचं आणि एका तरी चेहऱ्याकडे बघून मान हलवायची. बोलायची सक्ती नाही. रस्ता मात्र बदलायचा नाही, कारण चेहरे ओळखीचे होतात ते रोजच्या जाण्यायेण्यानेच.

हे सगळ्यांना पुरणार नाही. झोप-भूक दोन आठवडे उडालेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. काकांच्या बाबतीत असं काही नाही ना, हे मी आधीच तपासलं होतं. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

मध्यंतरी काका वर्षश्राद्धासाठी साताऱ्याला गेले. चार दिवसांनी परतून नेहमीच्या वाटेने निघाले, तर गजरेवाल्या बाईने त्यांना लांबूनच पाहिलं, भुवया उंचावल्या आणि पंजा फिरवून विचारलं, ‘कुठे होता?’

काकांनी हात लांब करून दाखवलं, ‘गावाला.’